जीए पावडर, ९० टक्के: द्राक्षाच्या डिपिंगसाठी कशी आहे?

निफाड तालुक्यात आमची थॉमसनची, म्हणजे बिनबियांच्या द्राक्षाची, बाग आहे. यंदा डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवायला, ही १ ग्रॅमच्या पुडीतली जिबरेलिक ॲसिडची (जीए) पावडर आणली. माल चोख आहे. अल्कोहोलमध्ये टाकून ढवळली की पूर्ण विरघळते, तळाला कण राहत नाहीत.

मणी ३-४ मिलिमीटरचे असताना ४० पीपीएमने (दहा लाख भागांत ४० भाग) डिपिंग केलं, म्हणजे १०० लिटर पाण्याला साधारण ४ ग्रॅम. एवढ्याशा पावडरीवर मणी फुगतो, कारण हे खत नाही, हार्मोन आहे. बी असलेल्या द्राक्षात बीच जिबरेलिन (जीए त्यातलंच) तयार करते आणि त्यावर मणी पोसतो. थॉमसनची बी कोवळी असतानाच खुंटते, म्हणून मणी बारीक राहतो. ती उणीव आपण बाहेरून भरून काढतो. आपल्या शरीरात थायरॉइड, स्वादुपिंड अशा ग्रंथी आहेत. वेलीला तशा नाहीत. कोवळी पानं, शेंडे, मुळांची टोकं, बिया इथेच हार्मोन बनतात आणि कुठे वाढायचं, कुठे थांबायचं हे ठरवतात.

तक्रार आहे ती पुडीवरच्या माहितीबद्दल. सगळं बारीक इंग्रजीत, आणि पाण्याच्या पीएचबद्दल (पाणी किती आम्ल, किती अल्कधर्मी याचं माप) एक ओळ नाही! आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर आहे. अशा पाण्यात जीए लवकर निकामी होतं. सायट्रिक ॲसिड टाकून पीएच साडेपाच-सहापर्यंत उतरवा, मगच द्रावण ओता. घड मगातून काढला की हलकेच झटका, नाहीतर मण्यांच्या टोकाला थेंब साचून डाग पडतात.

‘दोन पुड्या जास्त टाका, फुगवण चांगली मिळेल’ असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. जास्त जीएने देठ जाड होतो, घड कडक होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ, पावसाळी हवा राहिली की वेलीत आपोआपच जिबरेलिन वाढतं, सायटोकायनिन हे दुसरं हार्मोन कमी पडतं आणि निघालेला घड जिरून त्याची बाळी (वेलीचा आधार धरणारा तंतू) होते. तेव्हा सिक्स-बीए (हे सायटोकायनिनच) लागतं, जीए नाही. हे दुकानात कुणी समजावून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण गेलेला घड त्या हंगामात परत येत नाही.

पावडरीला पाचपैकी चार. लागेल तेवढंच द्रावण करा, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका, आणि पक्कं बिल घ्या.