क्लाउडवरची टॅली: मराठवाड्यातल्या सीए आणि करसल्लागारांनी घ्यावी का?

भाड्याच्या सर्व्हरवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवून देणारी सेवा आता लातूर, नांदेड, जालन्यातही सहज मिळते. विकणारा बहुधा टॅलीचाच गावातला विक्रेता असतो, सर्व्हर मात्र मुंबई-पुण्याकडच्या डेटा सेंटरमध्ये. भाडं माणशी, दरमहा. एकाच वेळी चार किंवा जास्त जण नोंदी करत असतील तर ही सेवा घ्यावी, असं आमचं मत. एकट्याने काम करणाऱ्याला तिची गरज नाही. बरा लॅपटॉप आणि दोन वेगळ्या जागी बॅकअप एवढ्यात त्याचं भागतं.

घेण्याचं पहिलं कारण वीज. एका पीसीवर डेटा आणि बाकीचे लॅनवरून, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवरून, त्याच फोल्डरमध्ये, ही आपल्याकडची रूढ मांडणी. लाइट गेली की पीसी इन्व्हर्टरवर टिकतात, पण कोपऱ्यातला नेटवर्क स्विच साध्या प्लगवर असतो. तो बंद पडला की लिहिता लिहिता फाइल अर्धवट राहते आणि नंतर कंपनी (टॅलीतली त्या अशिलाची वही) उघडताना एरर येते. मग डेटा रिपेअर करा. तेही जमलं नाही तर कालचा बॅकअप काढा आणि आजच्या नोंदी पुन्हा घाला. क्लाउडवर टॅली आणि डेटा दोन्ही सर्व्हरवर असतात, आपल्याकडे येतं फक्त पडद्यावरचं चित्र. इंटरनेट तुटलं तरी सेशन, म्हणजे आपण तिथे उघडलेलं काम, तिकडे जिवंत राहतं आणि पुन्हा जोडल्यावर अर्धं भरलेलं व्हाउचर जागच्या जागी सापडतं. वेगही फार लागत नाही, लाइन स्थिर हवी. राउटर आणि फायबरचा डबा यांचे अडॅप्टर बहुतेक 12 व्होल्टचे असतात. ते बघून छोटा डीसी यूपीएस लावा आणि जोडीला दुसऱ्या कंपनीच्या सिमचं हॉटस्पॉट ठेवा.

दुसरा फायदा अशिलांच्या बाजूचा. मोंढ्यातल्या आडत दुकानाचा मुनीम तिकडून खरेदी-विक्री घालतो, त्याच कंपनीत ऑफिसातला आर्टिकल (सीएकडे शिकणारा उमेदवार) जीएसटीच्या 2बी विवरणाशी जुळवणी करतो. पेन ड्राइव्हवरून डेटा आणायचा आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी होऊन बसायच्या, हा ताप संपतो. फक्त प्रत्येक अशिलाचं फोल्डर आणि लॉगिन वेगळं करून घ्या. एका आडत्याला दुसऱ्याची वही दिसली तर ते अशील गेलंच म्हणून समजा.

आता जिथे फसगत होते ते. विंडोज सर्व्हरवर अनेकांनी एकत्र काम करायचं तर माणशी आरडीएस कॅल नावाचा वेगळा परवाना लागतो. तो न घेताही सर्व्हर सवलतीच्या मुदतीत 120 दिवस चालतो, म्हणून स्वस्तातला विक्रेता तो टाळतो. चार महिन्यांनी सकाळी कुणालाच आत जाता येत नाही, आणि ती सकाळ नेमकी 20 तारखेची, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवसाची, असू शकते. खरेदीच्या बिलात हे कॅल कुणाच्या नावावर आहेत ते लिहून मागा. टॅलीचं लायसन्सही अनेक जणांसाठीचं, म्हणजे गोल्ड, लागतं. तिसरी गोष्ट सुरक्षेची. आयपी पत्ता टाकून थेट रिमोट डेस्कटॉपच्या 3389 पोर्टवर लॉगिन होत असेल तर ती सेवा घेऊच नका. रॅन्समवेअर शिरण्याची ती नेहमीची वाट आहे. व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) किंवा ओटीपी हवाच.

डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन सर्व्हरवर दिसावं म्हणून पुष्कळ खटपट केली जाते. करू नये. रिटर्नची फाइल सर्व्हरवरून उतरवून घ्या आणि सही आपल्या पीसीच्या ब्राउझरमधूनच करा. एमसाइनर, एमब्रिज ही सहीसाठीची सॉफ्टवेअर तिथेच ठेवा. टीडीएसचं विवरण तयार करणारं आरपीयू जावावर चालतं, तेव्हा जावाची योग्य आवृत्ती कोण टाकून देणार हे आधी ठरवा. स्कॅन केलेली बिलं रिमोट सेशनमधून ओढू नका, फार रेंगाळतं.

स्टाफला एकच सवय लावावी लागते: उजव्या कोपऱ्यातली फुली दाबून निघून जायचं नाही, लॉगऑफ करायचं. फुली मारल्यास सेशन आणि कंपनी उघडीच राहते आणि रात्री फाइलींची होणारी प्रत बिघडू शकते.

बॅकअप विक्रेत्याच्या भरवशावर सोडायचा नाही. त्याच सर्व्हरवर ठेवलेली प्रत सर्व्हरबरोबरच जाते. रोज एक प्रत ऑफिसात उतरवा आणि महिन्यातून एकदा एखादी कंपनी प्रत्यक्ष रिस्टोअर करून ताळेबंद जुळतो का ते पाहा. अशील कंपनी कायद्याखालचं असेल तर 2022 च्या दुरुस्तीनुसार हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असावा लागतो, आणि 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉगही (कोणत्या नोंदीत कधी काय बदललं याची नोंद) चालू हवा. सेवा सोडताना डेटा किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे करारात नसेल तर सही करू नका.

चाचणीचे दिवस बहुतेक जण देतात. ते महिन्याच्या सुरुवातीला घेऊ नका, कारण तेव्हा सर्व्हर रिकामा असतो आणि सगळं सुरळीत वाटतं. 15 ते 20 तारखेदरम्यान घ्या, संध्याकाळी सगळ्यांना एकदम बसवा आणि सर्वांत मोठ्या कंपनीचं वर्षभराचं स्टॉक समरी उघडून बघा.