नऊ लाखांचा प्रस्ताव आणि एक पाठकोरा कागद : वकिली सल्ल्याचा अभिप्राय

माझा धाकटा भाऊ सुतारकाम करतो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, कोरेगावहून साताऱ्याकडे मोटारसायकलने येताना टेम्पोची धडक बसून त्याच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज मुदतीत दाखल झाला होता. पुढे विमा कंपनीने लोकअदालतीत तडजोड करण्यासाठी उपचारखर्च वगळून नऊ लाखांचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा मात्र आम्हां दोघांना कागदांतले निम्मे शब्दच उलगडेनात. म्हणून दुसऱ्या एका वकीलबाईंचा सल्ला दोन हजार रुपये देऊन घेतला. त्या दीड तासाच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे.

आधी उणिवा सांगतो. ठरलेल्या वेळेनंतर पाऊण तास आम्ही बाकावर बसून होतो. सल्ला लेखी मिळत नाही. जे काही मिळते ते पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने. ‘पे अँड रिकव्हर’ म्हणजे विमा कंपनीने आधी अर्जदाराला रक्कम द्यायची व नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करायची, हे मी विचारल्यावरच आणि घाईघाईत सांगितले गेले.

पण त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत जे केले, त्यासाठी मी पुन्हा तेवढेच शुल्क देईन. नऊ लाख कुठून आले, हे त्यांनी उलटे मोजून दाखवले. भावाची कमाई महिना १८,००० रुपये म्हणजे वर्षाला २,१६,०००. त्याला गुणक, म्हणजे वार्षिक कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, १६. हा गुणक अर्जदाराच्या वयावरून ठरतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ सालच्या सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार ३१ ते ३५ या वयोगटासाठी तो १६ आहे. आलेल्या रकमेचे डॉक्टरांच्या दाखल्यावरील अपंगत्वाप्रमाणे ३० टक्के काढले, तर १०,३६,८०० होतात. त्यातून ‘सहभागी निष्काळजीपणा’ म्हणून १५ टक्के वजा केले की उरतात ८,८१,२८०. प्रस्तावाचा उगम असा होता.

मग त्यांनी भावाला पेन धरायला सांगितले, त्याने धरले. नंतर टेबलाच्या कडेवर रंधा कसा मारतोस ते दाखव, म्हणाल्या; मनगट अर्ध्यातच अडले. स्थायी अपंगत्व आणि कार्यात्मक अपंगत्व यांतला फरक मला त्या क्षणी जितका कळला, तितका कुठल्याही पुस्तकातून कळला नसता. डॉक्टरांचा दाखला अवयवाची हानी सांगतो. न्यायाधिकरणाला ठरवायची असते ती कमाईच्या क्षमतेतील घट, आणि ती माणसाच्या धंद्यावर अवलंबून असते. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालातले उदाहरणही त्यांनी दिले : डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र कदाचित टिकेल.

प्रस्तावात ‘भविष्यातील उत्पन्नवाढ’ धरलेलीच नव्हती. प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या निकालाप्रमाणे स्वयंरोजगार करणाऱ्या, चाळिशीच्या आतील व्यक्तीसाठी ती ४० टक्के धरतात. ती मिळवून आणि कार्यात्मक अपंगत्व ५० टक्के मानून त्यांनी मांडलेली रक्कम २४,१९,२०० झाली. वेदना व यातना आणि जीवनातील सुखांची हानी ही भरपाईची शीर्षे त्यापुढे वेगळी. ५० टक्के मान्य होतीलच अशी हमी त्यांनी दिली नाही, हे मला विशेष आवडले.

वजा केलेल्या १५ टक्क्यांचा त्यांनी लावलेला अर्थ तर मला सर्वांत मोलाचा वाटतो. उलट्या बाजूने आलेली जीप चुकवताना टेम्पो भावाच्या अंगावर आला होता. कंपनी म्हणत होती, दोष केवळ टेम्पोचा नाही. वकीलबाईंनी पंचनाम्यावर बोट ठेवले : मोटारसायकल रस्त्याच्या डाव्या कडेला आहे. मग हा सहभागी निष्काळजीपणा कसा? दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर तो ‘संयुक्त निष्काळजीपणा’ होतो. त्यात अर्जदार संपूर्ण भरपाई दोहोंपैकी कोणाकडूनही मागू शकतो, आणि त्यांची आपापसातली वाटणी हा त्यांचा प्रश्न. सहभागी निष्काळजीपणात जखमीचा स्वतःचा दोष असावा लागतो, आणि तेवढीच रक्कम कमी होते. मराठीत दोन्ही शब्द इतके जवळचे वाटतात, की आम्ही तो कागद चार वेळा वाचूनही आक्षेप घेतला नव्हता.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हेही त्यांनी सही करण्याआधी बजावले. आधीच्या वकिलांनी हे सांगितले नव्हते, असे मी म्हणणार नाही. सांगितले असेल, पण आम्हाला कळले नव्हते. अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याज मिळू शकते, ही गोष्ट त्यांनी उठता उठता एका वाक्यात आटोपली.

प्रस्ताव आम्ही नाकारला. पुढील तारखेला अस्थिरोगतज्ज्ञांची साक्ष आहे, आणि मनगट किती वळते याबरोबर रंधा का चालत नाही हेही त्यांना विचारले जावे, असे आम्ही आमच्या वकिलांना लिहून दिले आहे. पेन्सिलीचा तो कागद पुसट होत चालल्याने भावाने त्याची झेरॉक्स काढून हत्यारांच्या पेटीत ठेवली आहे.