बॉक्स, लिक्स की कॉर्डचे सूर? बारा बारच्या ब्लूज सोलोसाठी तीन वाटांची तुलना

बारा बारच्या ब्लूजमध्ये सोलो वाजवायचा आहे, हातात गिटार आहे आणि रोजचा अर्धा-पाऊण तास आहे. सुरुवात कुठून करायची? वाटा तीन आहेत. पहिली म्हणजे पेंटाटोनिक, म्हणजे पाच सुरांच्या, स्केलचा बॉक्स (फ्रेटबोर्डवरची ठरलेली आकृती) बोटांत बसवायचा आणि त्यात सुचेल ते वाजवायचं. दुसरी म्हणजे तयार लिक्स, म्हणजे छोटी सुरावटीची वाक्यं, पाठ करायच्या आणि एकापुढे एक जोडत जायच्या. तिसरी म्हणजे प्रत्येक कॉर्डचे सूर ओळखून सोलो त्यांच्या आधाराने उभा करायचा. तिन्ही वाटांनी माणसं शिकली आहेत. पण प्रत्येक वाट वेगळ्या जागी अडवते, आणि ती जागा आधीच ठाऊक असली तर पुष्कळ महिने वाचतात.

वाट कुठलीही धरा, जमीन एकच आहे. ए पट्टीतला कॉर्डचा नेहमीचा साचा असा (ए७ म्हणजे ए सेव्हन कॉर्ड): पहिले चार बार ए७, पाचवा-सहावा डी७, सातवा-आठवा पुन्हा ए७, नववा ई७, दहावा डी७, अकरावा ए७, बारावा ई७, की परत पहिला. प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रांचं आवर्तन. मेट्रोनोम मिनिटाला ८० मात्रांवर ठेवला तर एक फेरी ३६ सेकंदांत होते. शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या लयीत, मात्रेचे तीन भाग पडतात आणि सूर पहिल्या व तिसऱ्या भागावर येतो. तबल्यातली तिस्र जात कानात असेल तर हा झोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कधीकधी दुसऱ्याच बारात डी७ येतो, म्हणून अनोळखी बॅकिंग ट्रॅकवर (सोलोविना नुसत्या साथीच्या रेकॉर्डिंगवर) पहिली फेरी नुसती ऐकायची.

हे आवर्तन मनात आपोआप फिरायला लागेपर्यंत लिक्सना हात लावण्यात अर्थ नाही. त्यासाठी गिटारही लागत नाही. नागपुरात लोकमान्य नगरहून मेट्रोने बर्डीला येताना कानात बॅकिंग ट्रॅक लावा आणि प्रत्येक बारचा आकडा मनात म्हणा. ८० च्या लयीत पंधरा मिनिटांत २५ फेऱ्या होतात. चार-पाच दिवसांत पाचवा बार यायच्या आधीच डी७ चाहूल देऊ लागतो.

आता पहिली वाट, बॉक्सची. ए मायनर पेंटाटोनिकचा पहिला बॉक्स पाचव्या फ्रेटवर बसतो. सहाव्या (सगळ्यांत जाड), दुसऱ्या आणि पहिल्या (सगळ्यांत बारीक) तारेवर ५ आणि ८, मधल्या तीन तारांवर ५ आणि ७. ए ला सा धरलं तर सूर होतात सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागात लागतात तेच हे पाच सूर, त्यामुळे गळ्याचं किंवा पेटीचं शिक्षण झालेल्याला ते परके वाटत नाहीत. पाचव्या तारेवर ६ आणि तिसऱ्या तारेवर ८ या फ्रेटांवर तीव्र मध्यम जोडला की झाली ब्लूज स्केल. आठ-पंधरा दिवसांत हात बसतो आणि बाराही बारांत फारसं काही बेसूर वाजत नाही. नवशिक्याला हा धीर मोठा असतो.

अडचण याच धिरातून निघते. काहीच बेसूर वाजत नाही म्हणून हात थांबत नाही. सूर वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचा पत्ताच लागत नाही. पलटे कितीही तयार असले तरी त्याने बंदिश होत नाही, तसंच हे. दुसरी खोट नवव्या बारात दिसते: बॉक्सवाला सवयीने ए वर येऊन लांब थांबतो, आणि ई७ वर तो सूर अधांतरी राहतो.

दुसरी वाट लिक्सची. हिचा गुण असा की पहिल्याच आठवड्यात जे वाजतं ते ब्लूजसारखं वाजतं. लिकमध्ये सुरांबरोबर लय, बेंड (तार ओढून सूर चढवणं), हॅमर-ऑन (वाजत्या तारेवर पुढच्या फ्रेटला बोट आपटणं), कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे सगळं एकत्र येतं. भाषा शिकताना आधी वाक्यं येतात, व्याकरण मागून येतं, तसं. पण बहुतेकांची वही चाळीस-पन्नास लिक्सनी भरते आणि ट्रॅक सुरू झाला की त्यांतली एकही आठवत नाही. कारण लिक तेवढी पाठ झालेली असते, तिची जागा झालेली नसते. ती कुठल्या बारात, कितव्या मात्रेवर सुरू होते आणि कुठल्या कॉर्डवर उतरते, हे वहीत लिहिलेलंच नसतं.

हे एकाच लिकवर बघू. ए७ वर, पहिल्या बारात. पहिली मात्रा रिकामी सोडा. दुसऱ्या मात्रेवर तिसरी तार, फ्रेट ५ वरून ६ वर झटकन हॅमर-ऑन, आणि त्याच मात्रेच्या तिसऱ्या भागावर दुसरी तार ५. तिसऱ्या मात्रेवर पहिली तार ५, मग दुसरी तार ८. चौथ्या मात्रेवर दुसरी तार ५, मग तिसरी तार ७. दुसऱ्या बाराच्या पहिल्या मात्रेवर तिसरी तार ५, जराशी ओढलेली, पाव सूर फक्त. दुसऱ्या मात्रेवर चौथी तार ७, म्हणजे ए, आणि तिथेच थांबायचं. तिसरा-चौथा बार मोकळा.

हीच लिक पाचव्या बारात जशीच्या तशी टाकून बघा. काहीतरी खटकतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलं बोट चुकलं. बोट चुकलेलं नसतं. ए७ मध्ये सी शार्प हा शुद्ध गांधार आहे, तो हॅमर-ऑनच लिकला गोडवा देतो. डी७ मध्ये मात्र सी आहे, आणि त्याच्यावर सी शार्प वाजला की दोघे एकमेकांना घासतात. उपाय एका फ्रेटचा आहे: हॅमर-ऑन करू नका, फ्रेट ५ वरच राहा. शिवाय तिसऱ्या मात्रेत दुसऱ्या तारेवर ८ च्या जागी ७ वाजवा, म्हणजे जी ऐवजी एफ शार्प. हा डी७ चा स्वतःचा गांधार. दोन फ्रेट बदलले, चाल तीच राहिली, आणि मागे बॅकिंग ट्रॅक नसला तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेला कळतो.

हीच तिसऱ्या वाटेची ताकद. ए७ म्हणजे ए, सी शार्प, ई, जी. डी७ म्हणजे डी, एफ शार्प, ए, सी. ई७ म्हणजे ई, जी शार्प, बी, डी. नवव्या बारात पहिल्या तारेवर ७, ५, ४ आणि दुसऱ्या तारेवर ५ वाजवा. दहाव्यात पहिल्या तारेवर ५, दुसऱ्यावर ८, ७ आणि तिसऱ्यावर ७. दोन्ही बारांत आकृती एकच आहे, दुसरी फक्त एक पूर्ण सूर खाली उतरली आहे, आणि ई७ व डी७ दोघांचे गांधार त्यात आपसूक आले. टर्नअराउंडलाही, म्हणजे आवर्तन परत फिरवणाऱ्या शेवटच्या दोन बारांतही, असंच: अकराव्या बाराच्या पहिल्या मात्रेवर ए, पुढच्या तीन मात्रांवर दुसऱ्या तारेवर ८, ७, ६, आणि बाराव्याच्या पहिल्या मात्रेवर ५. हा शेवटचा सूर ई, आणि तिथेच ई७ सुरू होतो.

मग हीच वाट सगळ्यांनी का धरू नये? कारण ती संथ आहे. फ्रेटबोर्डवर सूर कुठे आहेत हे पाठ नसेल तर पहिले दोन-तीन महिने नुसते कॉर्डचे सूर वरखाली वाजत राहतात. ऐकायला बरोबर, पण कोरडं. ब्लूजचा जीव सुरांच्या मधल्या जागांत आहे: कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधली ती ओढ, शेवटच्या सुरावरचा रुंद, सावकाश व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचं डोलणं. कॉर्डचा तक्ता हे शिकवत नाही, लिक शिकवते.

म्हणून आमचं मत लिक्सच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: थोड्या लिक्स आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. पहिल्या तीन महिन्यांत पाचपेक्षा जास्त नकोत. दोन ए७ साठी, एक डी७ साठी, एक नवव्या-दहाव्या बारांसाठी आणि एक टर्नअराउंड. प्रत्येक लिकवर आठवडाभर तीन कामं करायची. एक, ती पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अशा वेगवेगळ्या मात्रांवरून सुरू करून बघायची; पहिल्या मात्रेवरून निघालेली प्रत्येक लिक सोलोला शाळेच्या कवायतीसारखं करते. दोन, ती हलवायची: तिसऱ्या फ्रेटवर जी मध्ये, आठव्यावर सी मध्ये. तीन, शेवटचा सूर बदलायचा, म्हणजे ए ऐवजी ई वर सोडून बघायची. बॉक्सला नकाशा म्हणून ठेवा, रियाज म्हणून नको.

पाच लिक्स बारा बारांत बसवायच्या कशा, याचं उत्तर गाण्यात आहे. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात आणि तिसरी तिला उत्तर देते. प्रत्येक ओळीला चार बार. शब्द पहिल्या दोनेक बारांत संपतात, उरलेल्यात वाद्य बोलतं. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ऐकत मोठं झालेल्याला ओळ टाकणं आणि मागच्यांनी ती उचलणं हे नवीन नाही. तोच न्याय सोलोला लावा: पहिल्या-दुसऱ्या बारात लिक, तिसरा-चौथा रिकामा, पाचव्या-सहाव्यात तीच लिक डी७ साठी बदललेली, सातवा-आठवा रिकामा, नवव्या-दहाव्यात उत्तर, मग टर्नअराउंड. रिकाम्या बारांत हात शिवशिवतात. ते सोसायचं. दुसऱ्या फेरीत हवं तर चौथ्या बाराच्या शेवटी दोन सूर टाका, डी७ ची वर्दी देण्यापुरते.

लिक्स टॅबवरून (तार आणि फ्रेटचे आकडे लिहिलेल्या कागदावरून) घ्याव्यात की कानाने? टॅब लवकर हाती येतो, पण तो फक्त जागा सांगतो. बेंड किती ओढायचा, सूर मात्रेच्या किती मागे टाकायचा, हे बहुतेक टॅबमध्ये कळत नाही. कानाने एक लिक काढायला दोन संध्याकाळी जातात, पण ती मग विसरत नाही. यूट्यूबचा वेग ०.७५ किंवा ०.५ केला तरी पट्टी बदलत नाही. आधी लिक तोंडाने म्हणा; म्हणता येत नसेल तर ती अजून ऐकलेलीच नाही. टॅब मागून, पडताळ्याला. सुरुवातीला बी. बी. किंग ऐका: वाक्यं छोटी, मध्ये श्वास मोठा, आणि एकेक सूर सुटा ऐकू येतो. अल्बर्ट किंगच्या लिक्स मागे ठेवा. ते डावखुरे होते आणि उजव्या हाताच्या तारा लावलेली गिटार उलटी धरून तारा खाली खेचत, त्यामुळे त्यांचे लांब बेंड आपल्या हाताला सहज येत नाहीत.

वाद्याचा प्रश्नही इथेच सुटतो, कारण घरात बहुधा अकूस्टिक असते. तिच्या नेहमीच्या १२ च्या सेटमध्ये (पहिली तार ०.०१२ इंच) तिसरी तार ०.०२४ इंचाची, गुंडाळलेली असते. तिच्यावर पूर्ण सुराचा बेंड मारणं म्हणजे बोटांचे हाल आणि वर अर्धवट सूर. इलेक्ट्रिकच्या ९ किंवा १० च्या सेटमध्ये हीच तार साधी, ०.०१६ किंवा ०.०१७ ची असते आणि ती वळते. अकूस्टिकच असेल तर वरची लिक चालते, कारण तिच्यात फक्त पाव सुराची ओढ आहे. पूर्ण बेंडच्या जागी स्लाइड घ्या, म्हणजे बोट तारेवरून पुढच्या फ्रेटवर सरकवा. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या तरी बराच फरक पडतो. अकूस्टिकवर साधी तिसरी तार चढवणारेही आहेत, पण ती वरच्या फ्रेटांवर किंचित चढी बोलते. इलेक्ट्रिक असेल तर बेंड तपासूनच पक्का करा: आधी दुसरी तार फ्रेट ५ वाजवून ई ऐका, मग तिसऱ्या तारेच्या ७ वरून ओढून तोच सूर गाठा. तिसरं बोट ओढेल, मागे दुसरं आणि पहिलं टेकू देतील, आणि वळेल ते मनगट.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि खोलीत कूलर लागतो. त्याच्या ओल्या झोतासमोर गिटार भिंतीवर टांगून ठेवली तर तारा गंजतात आणि अकूस्टिकचं पोट फुगून तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या जातात. गंजलेल्या तारेवर बेंड अडखळतो, बोटही सोलतं. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा आणि गिटार केसमध्ये ठेवा. कूलरच्या घरघरीत प्लग न लावलेल्या इलेक्ट्रिकचा बारीक बेंड ऐकू येत नाही, म्हणून अशा वेळी हेडफोनचा छोटा अॅम्प कामाचा.

आता निवड. गाणं किंवा पेटी शिकलेल्यांनी लिक्स कानानेच घ्याव्यात आणि बॉक्सचा टप्पा आठवड्यात उरकावा. सूर त्यांच्याजवळ आहेतच. ज्यांना पेंटाटोनिकचे पाचही बॉक्स येतात पण सोलो एकसुरी वाटतो, त्यांना नव्या लिक्सने काही होणार नाही. त्यांनी सरळ तिसऱ्या वाटेने जावं, आणि पहिला महिना फक्त पाचव्या व नवव्या बाराच्या पहिल्या मात्रेवर कॉर्डचा गांधार पकडावा, बाकी काही नाही. अगदी नव्याने सुरू करणाऱ्याने वरच्या पाच लिक्स. धरमपेठेत असो की सदरमध्ये, क्लास लावायचा असेल तर पहिल्या दिवशी सरांना बारा बारांच्या दोन फेऱ्या वाजवून दाखवायला सांगा आणि दुसऱ्या फेरीत पहिलीतलं काही परत येतं का ते ऐका.

दर रविवारी फोनवर तीन फेऱ्या रेकॉर्ड करा आणि कागदावर १ ते ३६ आकडे मांडून ऐका. ज्या बारात एकही सूर नाही त्यावर फुली मारा. फुल्या सहापेक्षा कमी निघाल्या तर पुढच्या आठवड्यात नवी लिक घेऊ नका, आहेत त्यांतलीच एक काढून टाका.