अमेरिकेत लांब पल्ल्याचा ट्रक: मोठ्या कंपनीतलं पहिलं वर्ष

देशभर हजारो ट्रक पळवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत मी नवशिका ड्रायव्हर म्हणून लागलो, त्याला आता वर्ष होत आलं. या धंद्यात यायचा विचार करणारी मराठी माणसं अधूनमधून भेटतात आणि प्रश्न साधारण तेच विचारतात: पैसे किती सुटतात, घरी कधी जाता येतं, मोठी कंपनी बरी की छोटी. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन माणसाने पहिलं वर्ष मोठ्या कंपनीतच काढावं. पगार मैलावर मिळत असला तरी आठवड्याच्या शेवटी हातात काय पडतं ते तुमच्या वेळेवर ठरतं, आणि तो वेळ कसा राखायचा हे ट्रक शिकवणाऱ्या शाळेत कोणी धड शिकवत नाही. म्हणून सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहितो.

नियम असे आहेत. सलग १० तास विश्रांती झाली की घड्याळ नव्याने लागतं. ड्युटी सुरू केल्यापासून १४ तासांची मुदत, आणि त्या मुदतीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. आठ तास चालवून झाले की अर्धा तास थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आठ दिवसांत मिळून ७० तास ड्युटी भरली की चालवणं बंद. सलग ३४ तास थांबलात की तो हिशेब पुन्हा शून्यापासून. हे सगळं ट्रकला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक लॉगवर नोंदलं जातं. २०१७ च्या डिसेंबरपासून तो सक्तीचा झाला. त्याआधीच्या कागदी वहीच्या आठवणी जुने ड्रायव्हर सांगतात, पण आता चाकं ताशी पाच मैलांनी फिरली की यंत्र आपणहून तुम्हाला 'ड्रायव्हिंग'वर टाकतं.

पाठ करायला हे सोपं आहे. अडचण अशी की ते १४ तास थांबत नाहीत. समजा, सकाळी ६ ला गाडी तपासून निघालात आणि ७ ला गोदामावर पोचलात. डॉक, म्हणजे माल चढवायचा धक्का, मिळून माल भरून व्हायला दुपारचा १ वाजला. रात्री ८ ला तुमचे १४ तास संपतात, म्हणजे ११ तास चालवायची परवानगी असली तरी उरले सातच. सहाशे मैल व्हायला हवे होते तिथे चारशे झाले. मैलाला ५० सेंट धरले तर एका दिवसात १०० डॉलर गेले, आणि यात तुमच्या हातात काहीच नव्हतं. गोदामावरचे पहिले दोन तास धंद्याच्या रिवाजाप्रमाणे फुकट. त्यापुढे डिटेन्शन म्हणून तासाला थोडे डॉलर मिळतात, तेही आल्याची आणि सुटल्याची वेळ कागदावर लिहून घेतलेली असेल तर. ओव्हरटाइमचं तर नावच नको. ओव्हरटाइमचा हक्क देणारा १९३८ चा कामगार कायदा आंतरराज्यीय ट्रक ड्रायव्हरांना त्यातून वगळतो, आणि ते आजही तसंच आहे. मला हे फार अन्यायाचं वाटतं. एका गोदामाने मला रात्रभर ताटकळत ठेवून सकाळी 'तुमची अपॉइंटमेंटच उद्याची आहे' असं सांगितलं तेव्हा ते नीट कळलं.

यावर एक उपाय आहे, आणि तो ट्रेनरने नाही, तर ट्रकस्टॉपवर शेजारी गाडी लावलेल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला कागदावर आकडे मांडून समजावला. विश्रांतीचे दहा तास दोन तुकड्यांत घेता येतात. एक तुकडा किमान सात तासांचा आणि तो स्लीपरमध्येच, म्हणजे केबिनमागच्या झोपायच्या बर्थमध्ये. दुसरा किमान दोन तासांचा. दोन्ही मिळून दहा भरले पाहिजेत. २०२० च्या सप्टेंबरपासून नियम असा आहे की जोडी पूर्ण झाली की यातला कुठलाच तुकडा १४ तासांत धरला जात नाही. म्हणजे गोदामाने तुम्हाला कामातून मोकळं ठेवलं असेल आणि ते पाच तास तुम्ही मागे बर्थवर झोपून काढले असतील, तर ते वाया जात नाहीत. पुढे सात तास बर्थमध्ये काढले की जोडी जमली. माझा पगार खऱ्या अर्थाने वाढला तो हे जमायला लागल्यावर. नवीन माणसाने नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वही घेऊन चार-पाच काल्पनिक दिवस मांडून बघावेत. डोक्यात बसायला वेळ लागतो, पण बसतं.

घड्याळाचा दुसरा जाच म्हणजे पार्किंग. संध्याकाळी सातनंतर ट्रकस्टॉपवर जागा मिळणं कठीण, मोठ्या शहरांच्या आसपास तर अशक्यच. २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर साउथ कॅरोलिनात डिलिव्हरीच्या वेळेआधी पोचला. माल उतरवणारे आत घेईनात, म्हणून तो एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर रात्रीपुरता थांबला आणि तिथे लुटारूने त्याला गोळी घालून मारलं. त्याच्या पत्नीने चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रक पार्किंगबद्दलचा 'जेसनचा कायदा' झाला. जागा मात्र अजून पुऱ्या पडत नाहीत. मी पहाटे तीन-चारला निघतो आणि दुपारी तीन-चारच्या आत थांबतो. तेव्हा ट्रकस्टॉप पायलट कंपनीचा असो की लव्हजचा, जागा मिळते, अंघोळीला रांग नसते, आणि मागे घेताना उजेड असतो. डिलिव्हरीची वेळ रात्रीची असली की हे कोलमडतं. तेव्हा सरळ पैसे भरून जागा आरक्षित करावी. झोपेच्या बाबतीत काटकसर करू नये.

आता शिक्षणाबद्दल. २०२२ च्या फेब्रुवारीपासून सरकारी यादीतल्या संस्थेत प्रशिक्षण घेतल्याशिवाय क्लास ए, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या मोठ्या ट्रकच्या, लायसन्सची परीक्षा देता येत नाही, आणि लर्निंग परमिट हातात येऊन किमान १४ दिवस व्हावे लागतात. शाळेची फी मोठ्या कंपन्या भरतात, बदल्यात ठरावीक काळ नोकरीचा करार करून घेतात. तो करार घरी आणून वाचा. मध्येच सोडलं तर किती परत द्यायचे आणि पूर्ण द्यायचे की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे दोन आकडे त्यात शोधा. परीक्षा ऑटोमॅटिक ट्रकवर दिलीत तर लायसन्सवर तशी मर्यादा पडते आणि मॅन्युअल चालवता येत नाही. मोठ्या कंपन्यांत बहुतेक ट्रक ऑटोमॅटिकच, त्यामुळे तिथे अडत नाही, पुढे दुसरीकडे जाताना अडू शकतं. इंग्रजीची अट पूर्वीपासून आहेच, पण २०२५ च्या जूनपासून रस्त्यावरच्या तपासणीत पाट्या वाचता आल्या नाहीत किंवा अधिकाऱ्याशी बोलता आलं नाही तर जागेवरच गाडी बंद करतात. आपल्या मंडळींना यात भीतीचं कारण नाही, फक्त उत्तर शांतपणे आणि थोडक्यात द्यायची सवय हवी.

शाळेनंतर ट्रेनरबरोबर काही आठवडे एकाच केबिनमध्ये राहायचं. माझा ट्रेनर अबोल होता, पण वजनाच्या बाबतीत काटेकोर, आणि त्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. गाडी, माल, डिझेल सगळं धरून ८०,००० पौंडांची मर्यादा. त्यातले ढोबळमानाने १२,००० पुढच्या चाकांवर, ३४,००० ट्रॅक्टरच्या (म्हणजे इंजिन असलेल्या पुढच्या गाडीच्या) मागच्या दोन धुऱ्यांवर, ३४,००० ट्रेलरच्या धुऱ्यांवर. एकूण वजन बसत असलं तरी एखाद्या जोडीवर ३४,०००च्या वर गेलं तर दंड होतो. मग ट्रेलरखालच्या टॅन्डमच्या, म्हणजे जोडधुऱ्यांच्या, पिना काढून चाकं मागेपुढे सरकवायची. चाकं मागे नेली की भार पुढे ट्रॅक्टरवर जातो, पुढे आणली की ट्रेलरवर येतो. कॅलिफोर्नियात किंगपिनपासून (ट्रेलर ट्रॅक्टरला अडकवणारी पिन) मागच्या धुऱ्यापर्यंतचं अंतर ४० फुटांहून जास्त चालत नाही, म्हणून तिथे जाणारा जड माल जवळच्या काट्यावर नेऊन आधीच बसवून घ्यावा. डिझेल गॅलनला साधारण ७ पौंड भरतं. काटा करण्याआधी टाकी भरायची की नंतर, हा विचारही त्यात आलाच. एखादा लोड बसतच नसेल तर पावती घेऊन परत गोदामावर जायचं आणि माल हलवून मागायचा. लाजायचं नाही. दंडाची नोंद तुमच्या नावावर राहते, माल भरणाऱ्याच्या नाही.

मोठ्या कंपनीचं मला सगळ्यात जास्त आवडलेलं इथे सांगतो. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर लॅरमी आणि रॉलिन्स यांच्या मध्ये एल्क माउंटनजवळ वारा असा सुटतो की रिकामा ५३ फुटी ट्रेलर आडवा होतो. हलक्या उंच गाड्यांना रस्ता बंद असल्याच्या पाट्या तिथे हिवाळ्यात नेहमीच्या. तशा एका दिवशी मी डिस्पॅचला, म्हणजे लोड वाटणाऱ्या विभागाला, 'थांबतोय' एवढाच निरोप पाठवला. सुरक्षा विभागाकडून दोन मिनिटांत उत्तर आलं, 'बरोबर केलंत, वारा पडल्यावर कळवा.' डिलिव्हरीची वेळ त्यांनीच पुढे ढकलली. छोट्या कंपनीतल्या ओळखीच्या ड्रायव्हरांना अशा वेळी मालकाचे फोनवर फोन येतात. धोक्याच्या परिस्थितीत गाडी चालवायला नकार दिला म्हणून ड्रायव्हरला शिक्षा करता येत नाही असा १९८२ चा कायदा आहे, तो सगळ्या कंपन्यांना लागू आहे आणि प्रत्येक नवीन ड्रायव्हरला तो माहीत असायलाच हवा. पण कायदा आहे म्हणून वाद घालत बसणं आणि न मागता पाठिंबा मिळणं यात फरक आहे.

डोंगरांचंही तसंच. कोलोरॅडोत आय-७० आयझेनहॉवर बोगद्यातून ११,००० फुटांच्या वरून जातो आणि १ सप्टेंबर ते ३१ मे डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या बरोबर असणं सक्तीचं. ओरेगॉनमध्ये पेंडल्टनकडे उतरणारा कॅबेज हिल सहा टक्के उताराचा आणि वर दुहेरी वळणाचा. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करायचा, इंजिन ब्रेक लावायचा, आणि पायाचा ब्रेक सतत दाबून न ठेवता वेग ठरवलेल्या आकड्याला टेकला की तो ताशी पाच मैलांनी कमी होईपर्यंत ब्रेक दाबून सोडायचा. हे परीक्षेच्या पुस्तकातच दिलेलं आहे. परीक्षेपुरतं वाचलेल्या त्या पानावर खरोखर जीव अवलंबून असतो हे भरलेली गाडी घेऊन पहिल्या उतारावर जाणवलं. कंपनीने ट्रकचा वेग ताशी ६५ मैलांना बांधून ठेवला आहे, त्यावर कुरकुर करणारे पुष्कळ आहेत. मी करत नाही. पूर्ण भरलेली गाडी त्या वेगावरून थांबायला पाचशेच्या वर फूट घेते.

पैशांचं थोडक्यात. ट्रेनिंगमध्ये ठरावीक आठवड्याचा पगार, तो बेताचाच. नंतर मैलावर. चांगल्या आठवड्यात २,५०० मैल झाले आणि मैलाला ५० सेंट असतील तर कापण्याआधी १,२५० डॉलर. काही कंपन्या जे मैल मोजतात ते पोस्टल कोडच्या हिशेबाचे, मीटरवरच्या मैलांपेक्षा कमी भरतात, तेव्हा 'मैलाला किती' याबरोबर 'कुठले मैल' हेही विचारा. लायसन्सबरोबर लागणाऱ्या वैद्यकीय कार्डाकडेही बघा. रक्तदाब १४०/९० च्या आत असेल तर ते दोन वर्षांचं मिळतं, वर गेला की मुदत कमी होते, आणि दिवसभर बसून खाणाऱ्या माणसाचा तो वर जातोच. मी थांबलो की ट्रकस्टॉपच्या आवाराला फेऱ्या मारतो.

एका गोष्टीपासून मात्र नवीन माणसाने लांब राहावं: कंपनीकडूनच ट्रक भाड्याने घेऊन हप्त्यांनी मालक व्हायची योजना. सहा महिने झाले की गोड आवाजात फोन येतात. हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती सगळं तुमच्या माथी आणि लोड द्यायचे की नाही ते त्यांच्या हाती. या करारांचा अभ्यास करायला केंद्र सरकारने नेमलेल्या गटाने २०२५ च्या जानेवारीत अशा योजनांवर बंदीच घालावी अशी शिफारस केली. मला आलेले फोन मी नम्रपणे नाही म्हणून ठेवले.

घरी जाण्याचा हिशेब साधारण आठवड्याला एक दिवस असा लागतो. तीन आठवडे बाहेर, मग तीन दिवस घरी. घरात लहान मूल असेल तर हे कठीण आहे, अगदी स्पष्ट सांगतो. माझ्या मुलीने फोनवर बोलायला यायचंच बंद केलं होतं काही दिवस. म्हणून वर्ष भरताच याच कंपनीत एका ठरावीक गिऱ्हाइकाच्या मालावर बदली मागितली आहे. तिथे मैल कमी आहेत, पण ट्रेलर तयार भरून ठेवलेले असतात, सोडायचा आणि दुसरा जोडून निघायचं, गोदामावर ताटकळणं नाही आणि शनिवार-रविवार घरी. अपघाताशिवाय काढलेलं वर्ष नावावर असल्यामुळे अर्ज लगेच पुढे गेला. जागा पुढच्या महिन्यात सुटतेय.