एन्थाल्पी व्हील की मेम्ब्रेन कोअर: दमट हवेत काय घ्यावं?

बाहेर जाणाऱ्या गार, कोरड्या हवेचा फायदा आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारी ही यंत्रं. व्हील म्हणजे दोन्ही हवांमधून फिरत उष्णता आणि बाष्प इकडून तिकडे नेणारी चकती, मेम्ब्रेन कोअर म्हणजे बाष्प झिरपू देणाऱ्या पातळ पडद्यांचा न हलणारा ठोकळा. साधी ॲल्युमिनियमची प्लेट कोअर आधीच बाजूला ठेवू. ती तापमान परत मिळवते, बाष्पाला हातही लावत नाही. बाहेर ३२ अंश व ७० टक्के आर्द्रता आणि आत २५ अंश व ५० टक्के असेल, तर ताज्या हवेच्या दर किलोमागे एसीच्या कॉइलला (हवा गार करणाऱ्या नळ्यांना) सुमारे ३६ किलोज्यूल काढावे लागतात. त्यातले जवळपास २९ बाष्पाचे. ७५ टक्के कार्यक्षमतेची प्लेटसुद्धा यातले पाच-साडेपाच किलोज्यूलच वाचवते. कोरड्या, थंड हवामानात तिची गोष्ट वेगळी.

उरले दोघे. कागदावर व्हील पुढे आहे, यात वाद नाही. चांगलं व्हील उष्णता आणि बाष्प दोन्ही ७५ टक्क्यांच्या आसपास परत मिळवतं. मेम्ब्रेन कोअर उष्णतेत फारशी मागे नसते, पण बाष्पात साधारण ५५ टक्क्यांवर थांबते. ताशी १००० घनमीटर हवेला वरच्या परिस्थितीत व्हील सुमारे ८.६ किलोवॅट वाचवतं, कोअर ६.७. म्हणजे कॉइलवर दोनएक किलोवॅटचा फरक, आणि एसीचा सीओपी (एक युनिट विजेत किती युनिट उष्णता काढतो ते) ३ धरला तर विजेत जेमतेम ०.६.

माझा कौल तरीही कोअरकडे झुकतो, तो व्हील फिरवणाऱ्या पट्ट्यामुळे. पॉलियुरेथेनचा पट्टा हळूहळू ताणतो, घसरतो, एक दिवस तुटतो. पंखे चालूच असतात, हवा येतच राहते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. मोटरचा ओव्हरलोडही (जादा भार आला की मोटर बंद करणारा स्विच) ट्रिप होत नाही, कारण पट्टा तुटल्यावर तिच्यावर भारच नसतो, करंट उलट कमी होतो. बीएमएसला (इमारतीच्या नियंत्रण यंत्रणेला) दिसतो फक्त मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचा ‘चालू’ सिग्नल. इकडे कॉइल निमूटपणे पूर्ण बोजा वाहते आणि खोलीत चिकचिक वाढली की दोष एसीला लागतो. हिशेब केला तर एक महिना बंद पडलेलं व्हील कोअरवरची साडेतीन महिन्यांची आघाडी खाऊन टाकतं.

संशय आला तर व्हीलनंतरच्या ताज्या हवेचं तापमान बघा. बाहेर ३२ असताना तिथे २७ च्या आसपास हवं. ३१-३२ दिसलं तर व्हील फिरत नाही. मधलंच काही दिसलं तर घाईने निष्कर्ष काढू नका: सगळा फरकच ७ अंशांचा, तिथे थर्मामीटरची एका अंशाची चूक म्हणजे जवळपास १५ टक्के. आर्द्रताही मोजा.

ब्रश सील (दोन्ही हवा वेगळ्या ठेवणारी ब्रशची पट्टी) झिजणं हा व्हीलचा दुसरा त्रास. पुरवठ्याचा पंखा व्हीलनंतर बसवून हवा ओढत असेल आणि ताज्या हवेचा फिल्टर तुंबला, तर त्या बाजूचा दाब आणखी खाली जातो आणि बाहेर जाणारी शौचालयाची हवा सीलमधून आत ओढली जाते.

कोअर मात्र अगदीच निर्धोक नाही. दोन्ही बाजूंना बारीक फिल्टर हवाच. बहुतेक कोअर पाण्याच्या फवाऱ्याने धुवायच्या नसतात, मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम करायच्या. स्वयंपाकघराची तेलकट हवा तिच्यातून कधीच नेऊ नका, मेम्ब्रेनवर थर बसला की बाष्पाची वाट बंद. शिवाय बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड असेल, तेव्हा कोअर आतलंच बाष्प परत आणते. व्हील नुसतं थांबवता येतं, कोअरला बायपास डॅम्पर (हवा कोअर टाळून नेणारी झडप) लागतो. तो घेताना वगळू नका.

आणि दोन्हींपैकी कुठलंही आर्द्रताशोषक यंत्र नव्हे. बाहेरच्या दर किलो हवेतलं २१ ग्रॅम बाष्प व्हील १२.७ वर आणतं, कोअर १५ वर. आत १० पेक्षा कमी हवं. उरलेलं पाणी कॉइललाच काढायचं आहे, तेव्हा कॉइल कापून पैसे वाचवायला जाऊ नका.

ताशी दोन-तीन हजार घनमीटरच्या वर कोअर अवाढव्य होते. तिथे व्हीलच बरं पडेल. मग रिमवर मॅग्नेट आणि समोर फिरण्याचा सेन्सर मागून घ्या, आणि त्याची वायर थेट अलार्मला जोडा, मोटरच्या रिलेला नको.