कलादालनातली संध्याकाळ: सिनेमा, अभिवाचन की नाट्यप्रयोग?

चित्रप्रदर्शनाची गर्दी उद्घाटनानंतर ओसरते. मग कार्यकारिणीत कुणीतरी म्हणतं, "एखादा सिनेमा दाखवू, त्यात काय आहे!" पण तिन्ही पर्यायांत सगळ्यात जास्त घाम सिनेमाच काढतो. ठाण्यात किंवा वाशी-नेरुळकडे साधारण 40 फूट बाय 26 फुटांचं दालन, 40 प्रेक्षक आणि भिंतींवर टांगलेली चित्रं, एवढं धरून पुढचा हिशेब केला आहे.

आधी हक्कांचं बघू. ओटीटीचं सदस्यत्व घरापुरतं असतं. प्रवेश मोफत ठेवला तरी त्यावरून जाहीर खेळ लावता येत नाही. निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी हवी, शिवाय सेन्सॉरचं प्रमाणपत्रही. विद्यार्थ्यांच्या लघुपटांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. जुन्या चित्रपटाचे हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतात, म्हणजे 1960 चा चित्रपट 2021 पासून मोकळा. पण त्याला कुणी नव्याने सबटायटल्स दिली असतील, तर त्यांचे हक्क वेगळे.

अभिवाचनाला कायदा बराच मवाळ आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार छापलेल्या साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचता येतो. अख्खी कथा वाचायची तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी घ्यावी. लेखकाच्या निधनाला 60 वर्षं उलटून गेली असतील तर तीही लागत नाही. राम गणेश गडकरी 1919 मध्ये गेले. ज्यांच्या नावाचं रंगायतन ठाण्यात आहे, त्यांचं लेखन सबंध वाचा, कुणी विचारणार नाही. हौशी संस्थेने तिकीट न लावता नाटक केलं तर त्यालाही याच कलमात सूट आहे. तिकीट लावलं की ती सूट गेली. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे ना, हे तारीख ठरवण्याआधीच विचारावं.

आता दालन. 10 फूट रुंद पडद्याला पूर्ण अंधारात 900 ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) आसपास पुरतात, पण दालनात कुठून ना कुठून उजेड झिरपतोच, म्हणून 3500 ते 4000 चा प्रोजेक्टर घ्यावा. तरीही चित्र फिकं दिसतं, कारण पडद्यावरचा प्रकाश पांढऱ्या भिंतींवर आपटून परत पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी होतो. ल्युमेन वाढवून हे दुखणं जात नाही. पडद्यालगतच्या दोन्ही भिंतींवर काळं कापड सोडावं लागतं, आणि तिथे तर चित्रं! म्हणून ज्या टोकाला चित्रं कमी, तिथेच पडदा. काचेची दर्शनी बाजू असेल तर मे महिन्यात साडेसातच्या आधी खेळ लावू नये. डिसेंबरात साडेसहालाही चालतो.

प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) 1.5 असेल तर तो पडद्यापासून 15 फुटांवर, म्हणजे थेट प्रेक्षकांच्या मध्ये येतो. उंच स्टँड आणि मधली वाट मोकळी हवी. देवनागरी सबटायटल्स वेगळ्या फाइलमध्ये असतील तर काही प्लेअरवर जोडाक्षरं तुटतात. ती चित्रातच पक्की करून घ्यावीत. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागे पडतो, तेव्हा सरळ वायर वापरा.

अभिवाचनाला उजेडाचा त्रास नाही, आवाजाचा आहे. रिकाम्या दालनात टाळी वाजवून बघा, ती दोन-तीन सेकंद घुमते. अशा वेळी माईक वाढवला की शब्दांची आणखी खिचडी होते, कारण वाढवलेला आवाजही तितकाच घुमतो. वाचकांना 26 फुटांच्या टोकाला न बसवता 40 फुटांच्या भिंतीच्या मध्यावर बसवा. मग शेवटची रांगही 15-16 फुटांवर येते आणि बहुतेकदा माईक लागतच नाही. खाली सतरंज्या घाला. माणसं बसली की घुमणं बरंच उतरतं, त्यामुळे रिकाम्या दालनातल्या तालमीवरून घाबरू नये. माईक घेतलाच तर तो तोंडाच्या समोर न धरता किंचित बाजूला ठेवा, नाहीतर 'फ' आणि 'भ' फुटतात. संहिता 16 पॉइंटच्या अक्षरांत, पाठकोरी आणि पुठ्ठ्यावर क्लिप लावून असावी. सुटी पानं छतावरच्या पंख्याने उडतात. मिनिटाला 120 शब्दांच्या गतीने 40 मिनिटांना 4800 शब्द लागतात. त्याहून लांबलं की मागच्या खुर्च्या वाजू लागतात.

नवं दालन असेल तर पहिलं वर्ष दरमहा अभिवाचनच करावं, सिनेमा हिवाळ्यात एखादाच.

नाट्यप्रयोग प्रदर्शनाच्या समारोपाला एकदाच ठेवावा आणि तोही एकपात्री किंवा दोन पात्रांचा. ठाण्याच्या गडकरी, घाणेकर किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाची सवय असलेला प्रेक्षक इथे नेपथ्य शोधतो. निमंत्रणातच 'दालनातला प्रयोग' असं लिहून टाका. 12 बाय 10 फूट जागा नटाला पुरते. खुर्च्या आणि चित्रं यांच्यात किमान तीन फूट अंतर असावं. समई, अगरबत्ती, गुलाल आणि धुराचं यंत्र यांना साफ नकार द्यावा: काजळी, रंग आणि तेलकट थर कॅनव्हासवरून सहज निघत नाहीत. वारही विचार करून ठरवावा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असला की नटमंडळी सामानासकट दादरला अडकतात, म्हणून शनिवार बरा.