‘कोचला थेट लिहायचं नसतं,’ असं आम्हाला सांगितलं होतं

माझ्या लेकीला टेनिसच्या जोरावर अमेरिकेतल्या कॉलेजात पाठवतो असं सांगून एका एजन्सीने आमच्याकडून तीन लाख रुपये घेतले. एजन्सीचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण ते कसं बोलले, काय दाखवलं आणि आम्ही कुठे फसलो, ते सगळं लिहिते. ज्यांची मुलं आज नववी-दहावीत आहेत आणि रोज पहाटे कोर्टवर जातात, त्यांच्यासाठी.

आम्ही कोल्हापूरचे. तालमींचं आणि फुटबॉलचं गाव. टेनिस खेळणारी मुलं इथे मोजकीच. लेक अकरा वर्षांची असल्यापासून स्पर्धांसाठी मी तिला रात्रीच्या एसटीने पुण्याला न्यायचे. पहाटे स्वारगेट, तिथून बालेवाडी, संध्याकाळी पुन्हा परतीची गाडी. मी सहकारी बँकेत नोकरी करते, तिच्या बाबांचं छोटं छपाईचं दुकान आहे. रॅकेटच्या तारा, बूट, प्रवास आणि सरांची फी भागवताना महिनाअखेर काय होत असे, ते खेळाडूंच्या घरांना सांगायला नको. म्हणूनच ‘अमेरिकेत शिक्षणही होईल आणि खेळही’ हे वाक्य ऐकलं, तेव्हा आम्हाला वाट दिसल्यासारखं वाटलं.

ऑक्टोबर २०२१. लेक बारावीत होती. एका स्पर्धेच्या वेळी पॅव्हेलियनमध्ये एक गृहस्थ भेटले. पोशाख नीटनेटका, बोलणं अतिशय अदबीचं. “ताई, हिचा फोरहँड बघितला. हिला इथे ठेवू नका.” मोबाईलवर त्यांनी सोमदेव देववर्मनचा फोटो दाखवला, २००७ आणि २००८ असं दोनदा एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचं, एकेरीचं विजेतेपद. मग श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून आणि पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून कसे खेळले, ते सांगितलं. हे सगळं खरं आहे. या खेळाडूंचा त्या एजन्सीशी काही संबंध आहे का, हे मात्र आम्ही विचारलं नाही. फोटो त्यांच्या फोनमध्ये होते, एवढ्यावरच आम्ही तो संबंध गृहीत धरला.

मग आकडा आला. “डिव्हिजन १ मध्ये मुलींच्या प्रत्येक संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या असतात. मुलांना साडेचारच, त्याही वाटून. मुलगी आहे, हे तुमचं भाग्य.” डिव्हिजन १, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तराचा, हाही आकडा त्या वेळी खरा होता. पण आठ ही कमाल मर्यादा होती आणि कॉलेजवर तेवढ्या देण्याचं बंधन नव्हतं. शिवाय त्या जागांसाठी युरोप, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडच्या मुली रांगेत असतात. डिव्हिजन १ च्या टेनिस संघांत निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत. त्यातच कोविडमुळे २०२०-२१ च्या खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालेलं, म्हणजे जुन्या मुली संघातच राहिलेल्या. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आज मागे पाहते तेव्हा जाणवतं की त्यांची प्रत्येक थाप एखाद्या खऱ्या नियमाच्या तुकड्याला जोडलेली होती. निव्वळ खोटं असतं तर लेकीनेच पकडलं असतं.

करार झाला. फी १,५५,०००, ‘एनसीएए नोंदणी’चे २५,००० वेगळे आणि प्रवेश झाल्यावर पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीच्या दहा टक्के. मी पतसंस्थेतून कर्ज काढलं. दहा टक्क्यांचं कलम आम्हाला उलट चांगलं वाटलं होतं, काम झालं तरच पैसे, म्हणजे माणूस प्रामाणिक. प्रत्यक्षात एनसीएएचा नियम असा आहे की खेळाडूची माहिती कॉलेजांपर्यंत पोहोचवणाऱ्याला फी घेता येते, पण ती फी शिष्यवृत्ती मिळण्यावर अवलंबून असता कामा नये. तशी असेल तर खेळाडूचीच पात्रता धोक्यात येते. कोणी टक्केवारी मागितली तर तिथूनच उठा. आणि त्या २५,००० रुपयांत त्यांनी काय केलं? एनसीएएच्या संकेतस्थळावर एक साधं प्रोफाइल पान उघडलं. ते फुकट असतं. खरी पात्रता तपासणारं, सशुल्क खातं त्यांनी उघडलंच नव्हतं.

पण आमचं सगळ्यात मोठं नुकसान एका सूचनेने केलं. पहिल्याच बैठकीत ते लेकीला म्हणाले, “कोचला तू स्वतः मेल करायचा नाही. एनसीएएचा नियम आहे. थेट संपर्क केलास तर अपात्र ठरशील.” ती सतरा वर्षांची. घाबरली. पुढचे अठरा महिने तिने एकाही कोचला अक्षर लिहिलं नाही.

नियम नेमका काय आहे? बंधन कोचवर असतं, खेळाडूवर नाही. दहावीच्या तोडीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन १ चा टेनिस कोच तुमच्या मुलीला भरतीविषयी उत्तर देऊ शकत नाही. मुलगी मात्र त्याला कधीही लिहू शकते. लेक बारावीत होती, म्हणजे कोचही तिच्याशी मोकळेपणी बोलू शकले असते. तिचं यूटीआर (सामन्यांच्या निकालांवरून ठरणारं खेळाडूचं रेटिंग) तेव्हा साडेआठच्या आसपास होतं. मोठ्या संघांना ते पुरलं नसतं, पण मधल्या-खालच्या फळीत विचार झाला असता. यूटीआर, निकाल, गुणपत्रिका आणि सामन्याचा न कापलेला व्हिडिओ एवढंच कोचला हवं असतं, आणि ते सगळं तिच्या लॅपटॉपमध्ये होतं.

जून २०२२ मध्ये बारावीचा निकाल लागला. कॉलेजचा पत्ता नव्हता. एजन्सी म्हणाली, “एक वर्ष गॅप घ्या. यूटीआर नऊवर न्या. मग पूर्ण शिष्यवृत्ती नक्की.” आम्ही ऐकलं. लेक वर्षभर खेळली, एआयटीएच्या, म्हणजे भारतीय टेनिस संघटनेच्या, महिला स्पर्धा, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) १५ हजार डॉलर्सच्या दोन स्पर्धांची पात्रता फेरी. तिच्या वर्गमैत्रिणी कॉलेजात गेल्या आणि ही हॉटेलच्या खोल्यांत एकटी राहून स्पर्धा खेळत राहिली.

एप्रिल २०२३ मध्ये पत्र आलं. कॉलेजचं बोधचिन्ह, कोचची सही, ‘फुल अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप’. सोबत निरोप: संघातली जागा राखून ठेवायला ३,५०० डॉलर्स, रुपयांत, एजन्सीच्या खात्यावर. चार दिवसांची मुदत. घरात पेढे आले. दुसऱ्या दिवशी आम्ही १,२०,००० रुपये एनईएफटीने पाठवले, उरलेले सोमवारी द्यायचे ठरले.

रविवारी रात्री लेक त्या कॉलेजचं टेनिसचं पान वाचत बसली होती. तिथे लिहिलं होतं, डिव्हिजन ३. तिने अमेरिकेत खेळणाऱ्या एका सीनियर मुलीला विचारलं. तिचं उत्तर आलं, “डिव्हिजन ३ मध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. एकाही कॉलेजात नाही.” लेकीने मला उठवलं. म्हणाली, “आई, मी कोचला लिहू का?” अपात्र ठरण्याची भीती तेव्हाही तिच्या डोळ्यांत होती. मी म्हटलं, लिही. एजन्सीच्या पत्रातला पत्ता साध्या फुकटच्या मेलचा होता. तो सोडून तिने कॉलेजच्या संकेतस्थळावरचा, डॉट ईडीयूने संपणारा पत्ता घेतला.

सोमवारी संध्याकाळी उत्तर आलं. कोच अत्यंत सज्जन निघाल्या. ते पत्र त्यांचं नव्हतं. त्या एजन्सीकडून त्यांना एकदा चाळीसेक खेळाडूंची माहिती एकगठ्ठा आली होती, त्यांनी तिला उत्तरही दिलं नव्हतं. जागा राखण्यासाठी कोणताही संघ खेळाडूकडून पैसे घेत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यांच्याकडे गुणवत्तेवर किंवा घरच्या गरजेवर मदत मिळू शकते, पण ती प्रवेश कार्यालय ठरवतं आणि त्या वर्षाची मुदत उलटून गेली होती.

उरलेले पैसे आम्ही पाठवले नाहीत. तेव्हा वाटलं, तीन लाखांवर निभावलं, वर्ष तरी हातात आहे. त्या आठवड्यात लेकीने स्वतः बावीस कोचना लिहिलं. सहा जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाने व्हिडिओवर बोलणंही केलं. त्याला तिचा खेळ आवडला. मग त्याने बारावीच्या निकालाची तारीख विचारली, आणि नंतर खेळलेल्या स्पर्धा.

टेनिसला त्या वेळी डिव्हिजन १ मध्ये वेगळा, कडक नियम लागू होता. शाळा संपल्यानंतर सहा महिन्यांची सवलत. त्यानंतरच्या पहिल्या सत्रालाही प्रवेश घेतला नाही आणि स्पर्धा खेळत राहिलं, तर खेळण्याच्या चार सीझनपैकी एक जातो आणि शिवाय पहिलं पूर्ण वर्ष सामन्यांतून बाहेर बसावं लागतं. लेक जानेवारी २०२३ नंतर पाच स्पर्धा खेळली होती. ‘यूटीआर वाढव’ म्हणून ज्या स्पर्धा तिला खेळायला लावल्या, त्यांनीच तिचं दार लावलं. कोच म्हणाला, वर्षभर न खेळणाऱ्या मुलीवर मी शिष्यवृत्ती खर्च करू शकत नाही. लेक “थँक यू, कोच” म्हणाली, लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर गेली. मी तिच्या मागे गेले नाही. काय बोलणार होते?

नियम बदलत असतात. ज्या ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’चा, म्हणजे खेळाडू आणि कॉलेज यांच्यातल्या बांधिलकीच्या पत्राचा, नमुना एजन्सीवाले आम्हाला दाखवायचे, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या ‘हाउस’ समझोत्यानंतर, तो स्वीकारलेल्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येची जुनी मर्यादा गेली आणि टेनिस संघात जास्तीत जास्त दहा खेळाडूंची मर्यादा आली. ‘आता मर्यादाच उठली, सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती,’ असं कोणी सांगत असेल तर दहाचा आकडाही त्यांना विचारा. शाळा संपल्यानंतर किती दिवस खेळता येतं, कोणत्या स्पर्धा चालतात, बक्षिसाची रक्कम घेता येते का, हे त्या-त्या वर्षी एनसीएएच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा आणि कॉलेजच्या कंप्लायन्स कार्यालयाला लेखी विचारा. ते कार्यालय याच कामासाठी असतं. अमेरिकी सरकारचं एज्युकेशनयूएसए प्रवेशाचं मार्गदर्शन विनामूल्य करतं. मी हे २०२१ मध्ये केलं असतं तर एक रुपया लागला नसता.

पोलिसांनी अर्ज घेतला, पण करार सहीचा आहे, दिवाणी स्वरूपाचं प्रकरण आहे म्हणाले. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. आम्ही आठ दिवस एजन्सीच्या ‘रिफंड प्रोसेसमध्ये आहे’वर विश्वास ठेवून बसलो. शेवटी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो तिथे करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे संदेश छापून जोडले, ‘कोचला लिहू नका’ हा सुद्धा.

लेक आता पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठासाठी खेळते, संध्याकाळी लहान मुलांना शिकवते. कोल्हापूरहून कोणी पालक फोन करतात, तेव्हा मुलाला शेजारी बसवून पहिला मेल त्यालाच लिहायला लावते.

एजन्सी चालू आहे. तिच्या जाहिरातीत, ‘आमचे खेळाडू’ या मथळ्याखाली, बालेवाडीच्या कोर्टवर फोरहँड मारणाऱ्या माझ्या लेकीचा व्हिडिओ आहे. तो काढा म्हणून आम्ही दोनदा लेखी कळवलं. गेल्या रविवारी पाहिलं तेव्हा तो तिथेच होता.